अवकाश विज्ञानाच्या वाटा : सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यांसाठी

पृथ्वीच्या वातावरणापलीकडे जे आहे त्याचा अभ्यास, तिथवर पोचणारी साधने घडवण्याचे तंत्र आणि तिथून पृथ्वीकडे पाहून मिळालेल्या माहितीचा उपयोग, या तिन्ही गोष्टी अवकाश विज्ञानात येतात. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अभ्यास करणारा भौतिकशास्त्रज्ञ, अग्निबाणाच्या इंधनावर काम करणारा रसायनतज्ज्ञ, उपग्रहाचा सुटा भाग मायक्रॉनच्या हिशोबात कातून देणारा मशिनिस्ट आणि समुद्राच्या उपग्रहचित्रावरून मासळीचा ठाव सांगणारा सागरशास्त्रज्ञ हे सगळे याच क्षेत्रातले. त्यांचे शिक्षण वेगळे, कामाची जागा वेगळी, पगार आणि पदेही वेगळी; पण एका मोहिमेसाठी या साऱ्यांची गरज लागते.

सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यापर्यंत मात्र या विस्ताराचे एकच चित्र पोचते: श्रीहरिकोट्याहून झेपावणारा अग्निबाण आणि टाळ्या वाजवणारे शास्त्रज्ञ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ दहावी-बारावीच्या उत्तीर्णांच्या टक्केवारीत सातत्याने राज्यात पहिले येते. तरीही देवगड, मालवण, वेंगुर्ले किंवा दोडामार्ग तालुक्यातल्या एखाद्या मुलीने ‘अवकाश विज्ञानात जायचे तर आता काय शिकायचे?’ असे विचारले, तर तिला नेमके उत्तर देणारे माणूस गावात क्वचितच सापडते. अडचण बुद्धीची नाही, माहितीची आहे. आणि माहिती वेळेवर न मिळाल्याने सुटलेल्या परीक्षांची आहे. हे पुस्तक त्या उणिवेसाठी आहे.

या किनाऱ्याला आकाशाचे ज्ञान नवे नाही. भरती-ओहोटीचा हिशोब तिथींवर चालतो; अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोळीवाड्यातल्या मुलाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. होकायंत्र नौकेवर येण्याआधी तांडेल रात्रीची दिशा ताऱ्यांवरून ठरवत. या अनुभवाला आधुनिक विज्ञानाची जोड देणाऱ्या पहिल्या पिढीतही या मातीतला माणूस होता. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावी 1812 मध्ये जन्मलेले बाळशास्त्री जांभेकर ‘दर्पण’चे संपादक म्हणून सर्वांना माहीत आहेत. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवत आणि काही काळ कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांच्याकडे होते, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही.

कुलाबा वेधशाळा 1826 ची. तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर 1859 च्या आरंभी सूर्यावरच्या प्रचंड स्फोटामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले, तेव्हा कुलाब्याच्या उपकरणांनी क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घट नोंदवली. त्या ऐतिहासिक वादळाचा अभ्यास करताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही या मुंबईच्या नोंदींकडे वळतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी वेध बिघडणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली. तिचाच वारसा पुढे 1971 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आला. या संस्थेचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे.

सिंधुदुर्गाचे नाव खगोलशास्त्राच्या इतिहासात आणणारे ठिकाण म्हणजे विजयदुर्ग. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ पाहायला पर्यटक येतात आणि 18 ऑगस्ट हा दिवस तिथे हेलियम दिन म्हणून पाळला जातो. नॉर्मन लॉकियर यांनी 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इथूनच हेलियम शोधला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. नोंदी थोडी वेगळी, पण तितकीच मोलाची हकीकत सांगतात. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाची छाया भारतावरून गेली हे खरे. त्या दिवशी फ्रान्सचे पिएर जान्सन आंध्रातल्या गुंटूरला होते आणि त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. ग्रहण नसतानाही त्या ज्वालांचा वर्णपट कसा घ्यायचा, हे त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथून दाखवले. सोडियमच्या दोन रेषांजवळ असलेली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. 1895 मध्ये विल्यम रॅम्झी यांनी ते एका खनिजातून वेगळे केले आणि शंका संपली.

लॉकियर विजयदुर्गला आले ते 30 वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. विज्ञानाचे शिक्षण नसलेल्या त्या दर्यावर्दी माणसांना वेध घेण्याचे काम वाटून दिले गेले, त्यांच्याकडून सराव करून घेतला गेला आणि जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीत त्यांनी ते पार पाडले. त्या निरीक्षणांचा अहवाल पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते.

एका पिढीची आठवण दुसरीत मिसळली आणि दोन ग्रहणांची एकच कथा झाली. विद्यार्थ्याने विजयदुर्गाकडून घ्यायचा पहिला धडा हाच आहे: ऐकलेली गोष्ट मूळ नोंदीशी ताडून पाहणे हे विज्ञानाच्या शिक्षणाचे पहिले पाऊल आहे. त्या ताडण्याने विजयदुर्गाचा मान कमी होत नाही. आधुनिक सौरभौतिकीच्या एका महत्त्वाच्या मोहिमेचे स्थान म्हणून तो अधिक पक्का होतो.

एकोणिसाव्या शतकात कोकणाने आणखी एक मोठा अभ्यासक दिला. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षण खात्यात नोकरी करणारे शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ 1896 मध्ये प्रसिद्ध झाला. वेदकाळापासूनच्या भारतीय खगोलगणिताचा इतका काटेकोर इतिहास त्याआधी मराठीत नव्हता. विद्यापीठाच्या पदवीशिवाय, चिकाटीने आणि मूळ ग्रंथ वाचून काय करता येते, याचे हे उदाहरण आजही पुरेसे बोलके आहे.

स्वातंत्र्यानंतर या क्षेत्राचे रूप पालटले. डॉ. होमी भाभा यांनी 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) स्थापली होती. 1962 मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती झाली आणि 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळमधल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिला अग्निबाण उडाला. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तिथून जाते, म्हणून ती जागा निवडली होती. गावातले चर्च आणि त्याभोवतीची जमीन लोकांनी या कामासाठी दिली. चर्चच्याच इमारतीत सुरुवातीचे काम चालले. 15 ऑगस्ट 1969 रोजी इस्रोची स्थापना झाली, 1975 मध्ये आर्यभट उपग्रह अवकाशात गेला आणि 1980 मध्ये भारताने स्वतःच्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला.

या वाटचालीत मराठी नावे आरंभापासून आहेत. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस साराभाईंचे निकटचे सहकारी होते. 1975-76 मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणी नेणाऱ्या प्रयोगाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. डॉ. वसंत गोवारीकर यांनी अग्निबाणांच्या घन इंधनावर केलेल्या कामावर पुढची प्रक्षेपण याने उभी राहिली. ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकही झाले. थुंब्याच्या पहिल्या तुकडीतले प्रमोद काळे यांनीही पुढे त्याच केंद्राची धुरा सांभाळली.

खगोलशास्त्राच्या बाजूने महाराष्ट्रात जे उभे राहिले त्याला देशात तोड नाही. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने 1988 मध्ये पुण्यात आयुका ही संस्था सुरू झाली. विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना खगोलभौतिकीचे दार उघडून देणे हाच तिचा हेतू. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, उभी राहिली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्र सरकारने 2023 मध्ये मंजुरी दिली. हौशी निरीक्षकांची परंपरा त्याहूनही जुनी आहे: पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 ची, मराठी विज्ञान परिषद 1966 ची, मुंबईचे नेहरू तारांगण 1977 चे. नारळीकर आणि मोहन आपटे यांच्यासारख्यांनी मराठीत सातत्याने लिहिले, म्हणून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला या विषयाचे पहिले पुस्तक स्वतःच्या भाषेत मिळते.

आज अवकाश विज्ञानाचे ढोबळ मानाने सहा प्रवाह दिसतात. नवशिक्याने आधी ते ओळखावेत, कारण शिक्षणाची वाट त्यांवरूनच ठरते.

पहिला प्रवाह खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचा. तारे, दीर्घिका, कृष्णविवरे आणि विश्वाची उत्पत्ती हे त्याचे विषय. भौतिकशास्त्र आणि गणित हा त्याचा पाया असून संगणकीय प्रोग्रॅमिंग आता तितकेच आवश्यक झाले आहे. इथे बहुतेकांना पीएच.डी.पर्यंत जावे लागते. बारावीनंतर दहा वर्षे शिकण्याची तयारी हवी.

दुसरा प्रवाह सूर्य आणि पृथ्वीभोवतालच्या अवकाशाचा. सौरवादळे, आयनांबर, चुंबकीय क्षेत्र यांचा अभ्यास उपग्रह, वीजवाहिन्या आणि दिशादर्शन यंत्रणांच्या सुरक्षेसाठी लागतो. 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेले आदित्य-एल1 यान पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरून सूर्याकडे पाहत आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण आयुकात घडली आणि प्रभामंडल पाहणारे उपकरण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवले. 1898 मध्ये विजयदुर्गला जे दोन मिनिटे दिसले ते हे उपकरण सूर्यबिंब झाकून दिवसचे दिवस पाहू शकते.

तिसरा प्रवाह ग्रहविज्ञानाचा. चंद्रयान-3 हे 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरल्यापासून त्याकडे लक्ष वाढले आहे. इथे भूगर्भशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या पदवीधरांना मोठा वाव आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बुलढाण्याचे लोणार सरोवर बेसाल्ट खडकातल्या उल्काघाताने झाले आहे आणि तसले विवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्याने चंद्र-मंगळाचे अभ्यासक तिथे येतात.

चौथा प्रवाह अभियांत्रिकीचा आणि मनुष्यबळाच्या दृष्टीने सर्वांत मोठा. प्रक्षेपण याने, उपग्रह, इंजिने, संदेशवहन, नियंत्रण प्रणाली यांची रचना आणि निर्मिती त्यात येते. यात केवळ एरोस्पेस अभियंते लागतात हा गैरसमज आहे. इस्रोची नियमित भरती मुख्यतः यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या शाखांतून होते.

पाचवा प्रवाह दूरसंवेदनाचा, म्हणजे उपग्रहाच्या नजरेने जमीन, पाणी, पिके, जंगल आणि समुद्र पाहण्याचा. भूगोल, कृषी, सागरशास्त्र, पर्यावरण किंवा माहिती तंत्रज्ञान यांपैकी कोणत्याही वाटेने इथे येता येते. सहावा प्रवाह तुलनेने नवा आहे: मानवी अवकाशप्रवासाला लागणारे वैद्यक आणि जीवशास्त्र, अवकाशविषयक कायदा, विमा, धोरण आणि उद्योग.

या क्षेत्राचे महत्त्व आज वाढले त्याला दोन कारणे आहेत. पहिले देशपातळीवरचे. 2020 मध्ये भारताने अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुले केले, त्यासाठी इन-स्पेस ही संस्था स्थापली आणि 2023 मध्ये अवकाश धोरण जाहीर केले. नोव्हेंबर 2022 मध्ये स्कायरूट या कंपनीचा अग्निबाण उडाला, मे 2024 मध्ये अग्निकुलचा. गगनयान या मानवी मोहिमेची तयारी सुरू आहे आणि 2025 मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात राहून आले. आधी नोकरी देणारी जवळजवळ एकच सरकारी संस्था होती. आता लहान-मोठ्या कंपन्याही आहेत. महाराष्ट्रात विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इस्रोची इंजिने घडतात आणि वालचंदनगरला अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे तयार होतात. या कारखान्यांतल्या कुशल कामगाराचा हातही प्रत्येक प्रक्षेपणात असतो.

दुसरे कारण किनाऱ्यावरचे आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी मोजलेल्या समुद्राच्या तापमानावरून आणि पाण्यातल्या हरितद्रव्यावरून मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा मच्छीमारांना कळवते. त्यासाठी लागणारी माहिती देणाऱ्या ओशनसॅट मालिकेतला तिसरा उपग्रह नोव्हेंबर 2022 मध्ये सोडला गेला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गासमोरून उत्तरेला सरकले तेव्हा त्याचा माग इन्सॅट उपग्रहांच्या चित्रांवरून तासागणिक घेतला जात होता. संकटात सापडलेल्या नौकेने संदेश पाठवायचा तो उपग्रहामार्फत, खोल समुद्रात स्थान कळायचे ते ‘नाविक’ या भारतीय उपग्रह प्रणालीमुळे किंवा जीपीएसमुळे, किनारा किती खचला हे मोजायचे ते उपग्रहचित्रांवरून. या सेवांचा वापर मालवणपासून शिरोड्यापर्यंत रोज होतो. त्या सेवा घडवणाऱ्यांत या किनाऱ्याची मुले असली, तर रापणीच्या हंगामात समुद्र कसा वागतो आणि सूचना कोणत्या शब्दांत दिली तर ती उपयोगी पडते, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

शिक्षणाचा मार्ग शाळेपासून सुरू होतो आणि वेळापत्रक सांभाळणे त्यात फार महत्त्वाचे असते. सहावी आणि नववीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा असते. इस्रोचा ‘युविका’ हा निवासी कार्यक्रम 2019 पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतला जातो. त्याच्या निवडीत आठवीच्या गुणांबरोबर विज्ञान प्रदर्शने, स्पर्धा आणि स्काऊट-एनसीसीतला सहभाग धरला जातो आणि ग्रामपंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकणाऱ्यांना त्यासाठी वेगळे गुण मिळतात. सिंधुदुर्गातल्या बहुतेक शाळा या निकषात बसतात, म्हणून इथल्या शिक्षकांनी ही संधी आठवीपासूनच ध्यानात ठेवायला हवी. खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडची पहिली पायरी म्हणजे भारतीय भौतिकी शिक्षक संघाची राष्ट्रीय परीक्षा. पुढचे शिबिर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. 2025 मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच भरली होती.

बारावीनंतर वाटा फुटतात. तिरुअनंतपुरमची भारतीय अवकाश विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था 2007 मध्ये सुरू झाली, तिच्या बी.टेक.चा प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणांवर होतो. मूलभूत विज्ञानासाठी पुण्याची आयसर, भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातले मूलभूत विज्ञान केंद्र आहे. त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या आहेत. जेईईत चांगला क्रमांक आला नाही म्हणजे सगळे संपले, असे मानण्याचे कारण नाही. मालवण, कणकवली किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची बी.एस्सी. करून, पुढे विद्यापीठातून एम.एस्सी. करून जेस्ट, नेट किंवा गेट या परीक्षांच्या मार्गाने टीआयएफआर, आयुका, जीएमआरटी चालवणारी एनसीआरए आणि भूचुंबकत्व संस्था इथपर्यंत जाता येते. मात्र त्यासाठी पदवीच्या वर्षांत गणित पक्के करणे, पायथॉनसारखी भाषा शिकणे आणि उन्हाळी प्रकल्पांसाठी अर्ज करणे भाग आहे.

अभियांत्रिकीच्या पदवीधराला इस्रोच्या ‘शास्त्रज्ञ/अभियंता’ पदासाठी प्रथम वर्गासह किमान 65 टक्के गुण लागतात आणि लेखी परीक्षा व मुलाखत द्यावी लागते. पदविकाधारकांसाठी तांत्रिक सहायकाची आणि आयटीआय झालेल्यांसाठी तंत्रज्ञाची पदे निघतात. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्याच्या किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या आयटीआयमधल्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांच्या मनात अवकाश विज्ञान हे आपले क्षेत्र आहे असे येतही नाही. वस्तुतः त्यांच्यासाठी हे दार सर्वांत कमी वर्षांत उघडणारे आहे. वयोमर्यादा आणि अटी जाहिरातीगणिक बदलतात, तेव्हा प्रत्येक वेळी इस्रोच्या अधिकृत जाहिरातीवरूनच खात्री करावी.

विद्यार्थीदशेत प्रत्यक्ष उपग्रह घडवता येतो, हेही महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी दाखवले आहे. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ जून 2016 मध्ये आणि आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्रोच्या अग्निबाणाने कक्षेत गेला. दोन्ही प्रकल्पांवर विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी एकामागून एक काम केले होते.

सिंधुदुर्गाची एक भौगोलिक जमेची बाजू बहुधा नजरेआड राहते. जिल्ह्याला लागून असलेल्या गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आहे. हे केंद्र भारताच्या अंटार्क्टिक मोहिमा चालवते आणि तिथल्या ‘भारती’ स्थानकावर भारतीय उपग्रहांची माहिती उतरवून घेणारे केंद्रही आहे. उपग्रहातून समुद्र पाहण्याच्या विद्येत ज्याला रस आहे त्याला मुंबई-पुण्याआधी पणजीकडे पाहता येईल. नागपूरचे महाराष्ट्र दूरसंवेदन उपयोजन केंद्र राज्यासाठी हेच काम करते.

प्रयोगाची साधनेही हाताशी आहेत. मालवण सुमारे 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा इथे क्षितिजापासून सुमारे 16 अंशांवर दिसतो. कोनमापक आणि ओळंबा घेऊन सातवीचा विद्यार्थी आपल्या गावाचा अक्षांश काढू शकतो. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच दिवसांत उत्तरेकडच्या एखाद्या शहरातल्या शाळेने मोजलेल्या सावलीशी तुलना केली तर पृथ्वीचा परीघ निघतो. पावसाळा सोडला तर गावाबाहेरचे आकाश अजून काळोखे आहे आणि दक्षिणेचे अगस्त्यासारखे तारे इथून उत्तर भारतापेक्षा वर दिसतात. भरतीच्या वेळांची वर्षभराची नोंद हा चंद्राच्या गतीचा उत्तम प्रकल्प होतो.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीत शिकावे लागते. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या मुंबई, पुणे, कोल्हापूरला आहेत आणि त्यांचा खर्च सर्वांना झेपत नाही. ‘नासाची परीक्षा’, ‘इस्रोची सहल’ अशा नावांनी पैसे मागणाऱ्या जाहिराती पालकांपर्यंत पोचतात. अवकाश संस्था आपली निवड स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावरून करतात, आणि नासाच्या नियमित सरकारी नोकरीसाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते. एवढे जरी घरोघरी माहीत झाले तरी बरीच फसवणूक टळेल. शिवाय या क्षेत्रात जागा मर्यादित आणि स्पर्धा तीव्र आहे. म्हणून इथे शिकलेले गणित, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक किंवा दूरसंवेदन दुसऱ्या क्षेत्रांतही उपयोगी पडते, हे लक्षात घेऊन अभ्यासक्रम निवडणे शहाणपणाचे.

या पुस्तकाचा प्रयत्न या सर्व गोष्टी एका जागी आणि मराठीत मांडण्याचा आहे. विषयाची ओळख, त्याचा इतिहास, शाखा, प्रवेशाचे टप्पे आणि घरी-शाळेत करायचे प्रयोग यांचा मेळ त्यात घातला आहे. आयटीआयपासून पीएच.डी.पर्यंतच्या वाटांना सारखाच मान देणे, मराठी संज्ञेबरोबर रूढ इंग्रजी संज्ञा देवनागरीत देणे आणि उदाहरणे शक्य तिथे कोकणातली घेणे, ही त्याची भूमिका आहे. एखाद्या परीक्षेची तयारी करून देणारे हे मार्गदर्शक नव्हे. कोणती वाट आपली, हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवता यावे इतके ज्ञान देणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. बदलत जाणाऱ्या तारखा आणि नियम मूळ ठिकाणी तपासण्याची सवय वाचकाला लागली, तर पुस्तकाचा निम्मा हेतू साध्य होईल.

शिक्षकांनी हे पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात न ठेवता वर्गात ठेवावे आणि आठवीच्या आरंभी पुढच्या दोन वर्षांच्या परीक्षांची यादी फळ्याशेजारी लावावी. पालकांनी मुलगा-मुलगी असा भेद न करता पोंभुर्ल्यापासून पाट-परुळ्यापर्यंत कुठल्याही घरातून हा रस्ता सुरू होऊ शकतो यावर विश्वास ठेवावा. विद्यार्थ्यांनी शक्य झाल्यास 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण किंवा आयुका एकदा पाहून यावे, आणि तिथे जाण्याआधी आपल्या गावाचा अक्षांश स्वतः मोजून वहीत लिहावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, शुल्क लागत नाही; काम आज रात्रीच सुरू करता येते.